बांधापलीकडचं खत

उकिरडा माझ्या ताब्यात होता. लग्न होऊन शिनोलीहून आळेफाट्याजवळच्या या घरात आले, तेव्हापासून शेणाच्या पाट्या मीच वाहिल्या. त्यामुळे खत कुठं पडणार हेही मीच सांगायचे. दरसाल एकाच तुकड्याला भरपूर घालायचं. त्यात आधी बटाटा, पुढच्या साली उरल्या कसावर कांदा, मग हरभरा, की खताची पाळी पुन्हा आली. थोडं थोडं सगळीकडं टाकणं म्हणजे देवळातला अंगारा, कपाळापुरता, असं मी म्हणायचे.

ती पाळी विहिरीजवळच्या रानाची होती. बटाटा असा निघाला की पोती कमी पडली. आणि त्याच उन्हाळ्यात वाटण्या झाल्या. मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, ही रीत. माझ्या नवऱ्यानं वाटे पाडले आणि धाकट्या दिरानं विहिरीजवळचं रान उचललं. का नाही उचलणार? माझ्या बरोबरीनं त्यानंच तर ते खत विस्कटलं होतं. माझा नुसता जळफळाट झाला. रीतीपुढं बोलायची सोय नव्हती, म्हणून राग नवऱ्यावर काढला.

त्यानंतर माझा पाय घरात ठरेना. बांधावर जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. दीर आळेफाट्याला गॅरेजात कामाला. रानाकडं बघणार कधी? एक दिवस तिथं टोमॅटोची रोपं उतरलेली दिसली आणि मी बांध ओलांडलाच.

"भाऊजी, बटाट्यावर टोमॅटो नका घालू. एकाचा करपा दुसऱ्याला लागतो. कांदा घाला."

"वहिनी, आत्ताच बूथवरनं फोन करून आलोय, टोमॅटोला लई बाजार हाय. आन् रान आता माझं न्हाई का?"

हे तो हसून म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

करपा आलाच. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या वाळलेल्या झाडांखाली माझं वर्षभराचं शेण वाया चाललंय, एवढंच मला दिसत होतं.

आमच्या वाट्याला ओढ्याकडचा आणि माळाकडचा असे दोन तुकडे आले होते. पुढची पाळी ओढ्याकडच्याची. खताची बैलगाडी भरून निघाली. वाटेत आमची दोन्ही पोरं शाळेतून येताना भेटली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. धाकटा थोरल्याला काहीतरी सांगत होता. उद्या यांच्यातही एक वाटे पाडणार, दुसरा आधी उचलणार. मी गाडी थांबवली.

"निम्मं ओढ्याकडं टाका, निम्मं माळाकडं," मी नवऱ्याला म्हणाले.

"आगं, आसं कुठं लागतंय व्हय? अंगारा कोण म्हणत व्हतं?"

"टाका म्हणलं ना!"

त्या सालापासून आमच्यात खत निम्मं-निम्मं पडत गेलं. दोन्हीकडचा बटाटा लिंबाएवढा निघायचा. पोरं तेव्हा एका ताटात जेवत होती.