शेजारच्या खोलीतले इंजिनिअरकाका

इंजिनिअरकाका कुणाशी भांडत नसत. भाजीवाल्यानं सडके टमाटर गळ्यात मारले, तरी "चलता है, भैया" म्हणत घरी येत. मी त्यांची शेजारीण; मी चिडले की म्हणत, "भांडण झालं की लोक घरात डोकावतात गं."

डोकावण्यासारखं काय होतं, ते वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या गल्लीला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले काका आणि कॉलेजात हिंदी शिकवलेले त्रिपाठीजी तरुणपणापासून एकत्र राहत. गल्ली त्यांना 'दोस्त' म्हणे.

त्रिपाठीजींना पक्षाघात झाला आणि त्यांच्या पुतण्यानं त्यांना सरोजिनी नगरच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. भेटायला फक्त नातेवाईक, हा तिथला नियम. काका रोज फाटकाशी उभे राहून परत येत. एकदा तिथल्या आयानं हळूच सांगितलं, "बाबूजी खाने के लिए मुँह ही नहीं खोल रहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला सोबत घेतलं. रिक्षातून उतरून ते थेट फाटकातून आत शिरले. मॅनेजरच्या खोलीत पुतण्या बसलेला.

"आप त्रिपाठीजी के कौन हैं?" मॅनेजरनं विचारलं.

काका इतक्या मोठ्यानं बोलले, की बाहेरच्या बाकावरचे म्हातारे वळून बघू लागले. "दोस्त नहीं हूँ. सारी उम्र साथ घर चलाया है. मैं उनका घरवाला हूँ."

पुतण्या ताडकन उठला. "चाचा की इज़्ज़त का तो ख़याल कीजिए!"

"इज़्ज़त अंदर भूखी पड़ी है, बेटा."

आता काकांना बाहेर काढणार, असंच मला वाटलं. अखेर मॅनेजर आयाला म्हणाला, "इन्हें ले जाओ. पहले वे खा लें, नियम बाद में देखेंगे."

काकांनी भरवलेला दलिया आधी ओठांतून ओघळला. मग त्रिपाठीजींनी एक घास गिळला आणि काकांचं मनगट धरून ठेवलं.

काका तिथेच राहायला गेले. हुज्जत घालघालून दोघांसाठी एक खोली मिळवली. भेटायला कुणाला सोडायचं, हे राहणारा माणूसच ठरवेल, असा नियमही करून घेतला. नव्या आयांना सांगत, "'शादी हुई?' मत पूछो. पूछो, 'घर में कौन है?'"

थंडी सरता सरता त्रिपाठीजी गेले. "काका, आता माझ्याकडे चला," असं म्हणायला मी गेले, तेव्हा वृद्धाश्रमाच्या दारात दोन वयस्क बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. एकमेकींचा धरलेला हात सोडावा की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

काका माझ्याआधी त्यांच्यापाशी पोचले.

"दोनों पलंग एक ही कमरे में लगेंगे," ते म्हणाले. "कोई कुछ कहे, तो मैं बगल के कमरे में ही हूँ."