मधोमध मारलेली चिकटपट्टी

आमच्या स्टुडिओत फोटोंपेक्षा किस्से जास्त साठतात. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से आमच्यापाशीच राहतात.

राजारामपुरीतल्या या स्टुडिओचे मालक म्हणजे मामा. त्यांचा कायदा सोपा: माणूस मधोमध, पाय पूर्ण, जागा रिकामी नको. खुर्ची चुकू नये म्हणून फरशीवर चिकटपट्टीची खूण होती. त्यांची सून, आमची अश्विनीवहिनी, फोटोग्राफीचा कोर्स करून आली आणि रेषा, आकार, मोकळी जागा असलं काहीबाही बोलायला लागली.

मामा म्हणाले, "पाडव्यापतोर काढ तुझ्या पद्धतीनं. एक जरी फोटो माघारी आला, तर कॅमेरा माझ्याकडं आन् तू काउंटरला."

वहिनी नुसतं "बरं" म्हणाली. कॉम्प्युटरवर फोटो साफसूफ करायचं काम माझं; पाडवा किती लांब आहे ते मी कॅलेंडरात बघून घेतलं.

*

पहिलंच प्री-वेडिंग गडमुडशिंगीचं. जोडी एका कोपऱ्यात, बाकी सगळं आभाळ. नवऱ्या मुलाचे वडील खवळले. "पोरगं एवढंसं आन् आभाळ एवढं? आभाळ आमच्या रानातनं बी दिसतंय की!"

वहिनीनं स्क्रीनवर आभाळ कापून दाखवलं. ते स्क्रीनजवळ वाकले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आभाळ गेल्यावर दोघं अडकल्यागत दिसत्यात."

मामांनी उगाचच चष्मा पुसला.

*

एकाला नव्या ट्रॅक्टरबरोबर फोटो हवा होता. साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची लांबलचक रांग, वहिनीला ती त्याच्या मागं सरळ रेषेत पाहिजे, पण पुढचीच ट्रॉली तिरकी उभी.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सकाळपास्नं नंबर लागला न्हाय, आन् तुम्ही सरळ लाव म्हणताय?"

तरी लावली. ती बघून मागच्यानं लावली, मग सगळ्यांनीच. वॉचमन टोपी सारखी करत धावत आला.

"कोण मोठं साहेब आल्यात?"

*

एका दूध संस्थेच्या चेअरमनांना वहिनीनं दुधाच्या किटल्यांच्या ओळींच्या पार शेवटी उभं केलं. पुढं नुसती गोल झाकणंच झाकणं.

"चेअरमन मी हाय का किटल्या?" ते गुरगुरले. फोटो माघारी येणार म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो.

आठवड्यानं त्यांनी त्याचीच मोठी फ्रेम मागवली. सभासद म्हणे खूश होते. चेअरमन किटल्यांजवळ पहिल्यांदाच दिसले होते.

*

पुढचा गाढवपणा माझा. कसबा बावड्याच्या एका आजींचा फोटो वहिनीनं खिडकीच्या तिरप्या उजेडात काढला होता, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असा. मी आपला शहाणपणा करून सगळं गुळगुळीत करून टाकलं.

आजींनी फोटो हातात घेतला. "ही कोण? माझी धाकटी भन व्हय?"

सुरकुत्या मीच पुसल्या, असं मी कबूल केलं.

"माझं तोंड परत लाव," आजी म्हणाल्या.

वहिनीनं काढलेला मूळ फोटो छापून दिला. आजींनी तो पदरात गुंडाळून नेला. एकही फोटो माघारी न येता पाडवा उजाडला, आणि मला खरंच नाचावंसं वाटत होतं.

*

पाडव्याला मामा कोट घालून आले. स्टुडिओच्या भिंतीवर लावायला त्यांना स्वतःचा फोटो हवा होता. मी सवयीनं खुर्ची खुणेवर ठेवली. वहिनी कॅमेऱ्यामागं उभी.

मामांनी खुर्ची उचलली आणि पार कडेला, खिडकीजवळ नेऊन ठेवली. परत मधे आले, वाकले आणि नखानं चिकटपट्टी उचकटून काढली. मग जाऊन बसले.

"काढ आता," म्हणाले. "पाय न्हाय आलं तरी चालंल."