मास्तरांच्या अकरा वह्या

वसईत बर्फ पडला तर घरांची छपरं कशी असावीत, याची मी एकेकाळी चोख व्यवस्था करून ठेवली होती. हसा, खुशाल हसा. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी उशीएवढं जाड, गुळगुळीत कागदाचं परदेशी पुस्तक मागवलं होतं मी — विषय, हिमप्रदेशातली उतरती छपरं. मीच निवडलं, मीच शिक्का मारला. हा वेडेपणा मी पुष्कळांना रंगवून सांगितलाय आणि दर वेळी टाळ्या घेतल्यात. पण त्याच्या पोटात जे आहे ते कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, तो शेवटच्या आजारात उशाशी बसवून घ्यायचा तेव्हाही नाही. मुलाला नाही. आज तुम्हाला सांगते.

सांगते आहे ती रागानं. डॉक्टर म्हणतात, या वयात चिडू नका. मग काय करू? गेल्या महिन्यात नात आली होती. नगररचना शिकते. उमेळ्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, वसईच्या जुन्या बावखलांचे नकाशे शोधत. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या, जास्तीचं पाणी ओहोळातून खाडीकडे निघून जायचं. दोन तास खटपट करून पोरगी वैतागली. म्हणाली, "आजी, तू एवढी वर्षं लायब्ररीत बसून काय केलंस गं? तुमच्या वेळी कुणालाच कसं सुचलं नाही हे काढून ठेवायचं?"

मी म्हटलं, "चहा थंड होतोय."

सुचलं होतं. एका माणसाला सुचलं होतं, आणि त्यानं काढूनही ठेवलं होतं —

थांबा, आधी त्या बाईला भेटा. म्हणजे मला, चाळिशीतल्या मला. कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी, आणि चालणं असं की कपाटांनी बाजूला व्हावं. विद्यापीठात वास्तुरचना आणि नगररचनेचा नवा विभाग निघाला आणि त्याचा ग्रंथसंग्रह शून्यातून उभा करायचं काम या बाईकडे आलं. घरांबद्दल तिला काय कळत होतं? स्वतःच्या स्वयंपाकघरातला ओटा कुठल्या बाजूला हवा हेही तिला नीट सांगता आलं नव्हतं. पण ऐट बघा. विक्रेते परदेशी सूचीपत्रं घेऊन यायचे, 'मॅडम, मॅडम' करायचे, आणि मॅडम पानं उलटून कागदाचा वास घ्यायच्या. खरंच, वास घ्यायची मी. छान वास आला की पुस्तक चांगलं. तपासणी समिती यायची होती, कपाटं भरलेली दिसायला हवी होती, आणि जाड पुस्तकांनी कपाट लवकर भरतं. हे होतं आमचं ग्रंथनिवडीचं धोरण! कुठल्या देशातले विमानतळ, कुठल्या देशातले राजवाडे, बर्फातली छपरं. आपल्या दारातलं पाणी कुठून येतं नि कुठं जातं, यावर एक पान नाही. कुणी विचारलंही नाही. समितीनं पुस्तकांच्या पाठी पाहिल्या आणि समाधानानं माना हलवल्या.

आणि त्याच दिवसांत इनास मास्तर आले.

वसईजवळच्या सांडोरचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. माझा मुलगा त्यांच्या हाताखाली पाढे शिकला, म्हणून ओळख. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की हा माणूस सायकलला काथ्याची दोरी बांधून निघायचा. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या. बावखल मापायचं, विहीर मापायची, ओहोळ कुठे वळतो ते बघायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि घरी येऊन शाईनं काढायचं. किती वर्षं? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. अकरा वह्या झाल्या होत्या, लांबरुंद चित्रकलेच्या वह्या. बायकोच्या जुन्या लाल चौकड्याच्या लुगड्यात बांधून त्यांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "बाई, घरी वाळवी लागेल. तुमच्याकडे उद्याचे इंजिनियर, नगररचनावाले शिकायला येणार. त्यांना कळू दे, इथं पाणी कुठून चालतं."

मी एक वही उघडली होती. तेवढं आठवतं. प्रत्येक बावखलाला नाव, नावं त्यांच्या घरच्या बोलीत. रहाट कुणाच्या बाजूला, कुठल्या वाडीचं पाणी आधी भरतं, भरून वाहिलं की कुठल्या ओहोळाला जातं, बारीक बाण काढलेले. सुंदर होतं. पण लेखक? शाळामास्तर. प्रकाशक? कुणी नाही. छापील? नाही. वासही चांगला नव्हता — धुराचा, ओलसर. मला वाटलं, हे समितीला दाखवलं तर हसतील.

तोंडावर मात्र मी गोड. "मास्तर, हा तर ठेवा आहे." वर विद्यापीठाच्या कागदावर आभाराचं पत्र दिलं. त्यांनी विचारलं, "नोंद होईल ना?" ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. शाळेची लायब्ररी सांभाळलेला माणूस तो. माझ्यासमोर रजिस्टर उघडंच होतं. सकाळीच मी बर्फातल्या छपरांची नोंद केली होती. तोच क्रमांक मी पत्रात लिहिला. का? दुसरी ओळ लिहायचा कंटाळा. बस. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

वह्या जिन्याखालच्या कपाटात गेल्या. नोंद नाही, म्हणजे त्या नव्हत्याच. आणि समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात ते कपाट रिकामं करायचं ठरलं. नोंदलेलं पुस्तक काढून टाकायचं तर यादी करावी लागते, ग्रंथालय समितीची मंजुरी लागते, सह्या लागतात. नोंद नसलेल्याला काही लागत नाही. रद्दीवाल्यानं लुगडं सोडून बाजूला ठेवलं, कारण त्याला फक्त कागद हवा होता. ते लुगडं मी काय केलं माहितीये? खिडक्या पुसायला दिलं.

झालं इथवर? नाही. इथवर मी नुसती मूर्ख होते.

दर नाताळात मास्तरांकडून सुकेळी यायची. वसईची सुकेळी, उन्हात सुकवलेली केळी, केळीच्याच सोपात, वाळल्या सालपटात बांधलेली, मधासारखी. स्वतः आणून द्यायचे आणि दारातच विचारायचे, "पोरं बघतात ना वह्या?" आणि मी — तुमच्या डोळ्यांसमोर येतेय का ही बाई? — मी म्हणायची, "मास्तर, रांग लागते." रांग! एका वर्षी तर मी एक विद्यार्थीही रचला, साताऱ्याकडचा, ज्यानं म्हणे त्यांच्या बाणांवरून प्रबंध लिहिला. मास्तर लाजले. मग सुकेळी मी चवीनं खाल्ली. एक जरी घशात अडकली असती!

माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी सांडोरला त्यांच्या वाडीजवळच्या बावखलात मातीचे डंपर रिकामे व्हायला लागले. गावानं हरकत घेतली. तहसील कचेरीत सुनावणी लागली. सातबाऱ्यावर बावखलाची नोंद नव्हती, आणि साहेबांनी कागद मागितला — इथं पाणी होतं याचा एक तरी कागद. तेव्हा मास्तर उभे राहिले. ऐंशी ओलांडलेले. म्हणाले, कागद आहे. मापासकट आहे. विद्यापीठात ठेवलाय. आणि माझं पत्र काढून दाखवलं. जपून ठेवलं होतं, घडीवर प्लास्टिक.

त्यांची मुलगी मोनिका, तीही शिक्षिका, ते पत्र घेऊन ग्रंथालयात गेली. नव्या ग्रंथपालानं क्रमांक संगणकात घातला. काय निघालं, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानं बिचाऱ्यानं पुस्तक आणूनही दिलं तिच्या हातात. दोन-चार पानं उलटून मोनिका तशीच माझ्या घरी आली. रागावलेली नव्हती. गोंधळली होती. "मावशी, असं कसं झालं असेल?"

आता सांगायचं होतं. त्या क्षणी. फार तर काय झालं असतं? पेन्शन कुणी थांबवलं नसतं. गावात चार दिवस माझं नाव निघालं असतं. मी सुनावणीला जाऊन म्हटलं असतं, वह्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या, मी रद्दीत घातल्या, तर निदान एक साक्ष तरी झाली असती! हे मला तेव्हाही कळत होतं. उगाच आता शहाणी झाल्याचा आव नको.

मी म्हटलं, "अगं, मास्तर मध्ये एकदा आले होते ना, परत घेऊन गेले वह्या. मग तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला दिला. त्यांना आठवत नसेल. वय झालं त्यांचं."

ग्रंथालयातला कुणीही सांगेल, दाखल क्रमांक एकदा दिला की दिला. पुस्तक हरवो, जळो, त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे हा. मोनिकाला तो माहीत नव्हता. तिनं मान हलवली. पाणी प्यायली आणि गेली.

त्यांनी घर उलटंपालटं केलं. माळे काढले, पेट्या काढल्या, गोठ्यातली फडताळं काढली. मोनिका रजा काढून शोधत होती. मास्तर म्हणे खुर्चीत बसून एकेक जागा सांगत होते, मग सांगायचे थांबले. पुढच्या तारखेला दाखवायला काही नव्हतं. बावखल बुजलं. आज तिथे पार्किंग आहे, आणि जोराचा पाऊस झाला की आजूबाजूच्या घरांत गुडघाभर पाणी शिरतं, आणि आमच्याकडून शिकून गेलेली पोरं वर्तमानपत्रात लिहितात की हे पाणी येतं कुठून याचा अभ्यास व्हायला हवा. अभ्यास! मी ते पान टराटरा फाडते.

पण पाण्याचंही सोडा. वाडीत कुणाच्या बांधावरून भांडण झालं की लोक मास्तरांना बोलवायचे. मास्तर म्हणाले इथंवर, तर इथंवर. त्या सुनावणीनंतर कुणी बोलवेना. वाईट नव्हती माणसं. प्रेमानंच म्हणायची, मास्तरांना आता आठवत नाही. चर्चमध्ये वाचन करायचे, तेही कुणा तरुणाकडे गेलं. ज्याला सांडोरचा प्रत्येक ओहोळ पाठ होता, त्याच्या डोक्यावर विश्वास ठेवणं लोकांनी सोडलं. माझ्या एका वाक्यावर. आणि सगळ्यांत शेवटी — त्यांनी स्वतःही सोडलं.

ते मला भेटायला आले. मोनिकाचा हात धरून, दोन जिने चढून. लिफ्ट बंद होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मोनिका दाराशी थांबली. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. तोंड उघडलं असतं तर पाच शब्द पुरले असते. त्यांनी हात जोडले आणि, मी मुलाला शाळेत घालायला गेले होते तेव्हा ते बोलले होते त्याच शांत आवाजात, म्हणाले:

"बाई, तुमच्या लायब्ररीला मी उगाच बट्टा लावला. वह्या मीच आणल्या असणार आणि मीच कुठं तरी टाकल्या असणार. माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. चारचौघांत तुमचं नाव घेतलं, त्याची माफी मागायला आलो."