टॅगर्टबाईंनी मारलेली एडा

ऑन्टारिओतल्या त्या तळ्याकाठच्या गावात माणूस खुर्चीला धडकला तर खुर्चीला सॉरी म्हणतो. व्हर्ना टॅगर्टबाईही म्हणायच्या. दार धरून उभ्या राहणाऱ्याला सॉरी, ताटलीतला शेवटचा गोड बटर टार्ट उचलताना सॉरी, चुकून फोन लावणाऱ्या परक्यालासुद्धा सॉरी. फक्त वर्गात हा शब्द त्यांनी कधी खर्च केला नाही.

हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणजे मुख्यतः एकच कादंबरी शिकवली, 'भिंतीआडचं शहर'. त्या शहरातलं सरकार जिवंत माणसाला मेलेलं ठरवतं, आणि तो बिचारा तसंच वागायला लागतो. शेवटच्या पानावर एडा नावाची नायिका बर्फात वेशीबाहेर पाऊल टाकते, वेस बंद होते, खेळ खलास. पुढे एडा मेली की जगली, ते लेखिकेनं सांगितलं नाही. टॅगर्टबाईंनी सांगितलं. मेली. 'जगली' असं लिहिणाऱ्या पोरांना त्या लाल शाईनं आडवं करीत.

डॅरिल पिंकनी त्या आडव्यांपैकीच. आता तो घरांचा दलाल. बसथांब्यांच्या बाकांवर जाहिरातीत त्याचा दात विचकलेला फोटो असे, आणि सारं गाव त्यावर पाठ टेकून बसे. धंदा बसला तरी, बायको गेली तरी, डॅरिल त्या नापास निबंधाकडेच बोट दाखवी.

आणि इतक्या वर्षांनी लेखिकेला दुसरा भाग सुचला. पहिलंच वाक्य असं, की एडा अंडी उकडत होती.

गावात बातमी फिरली. लायब्ररीतलं वाचक मंडळ टॅगर्टबाईच चालवीत. आजवर एकही पुस्तक न वाचलेल्या डॅरिलनं तिथे नाव घातलं. "बाईंनी चारचौघांत एकदा सॉरी म्हणावं," तो कॉफीच्या रांगेत नाकातून सांगत सुटला. "मला बाकी काही नको हो."

बाईंनी पुस्तक घरी नेलं आणि एका बाईच्या मरणाची वाट बघत वाचायला घेतलं. तिसऱ्या प्रकरणात एडाला ताप भरला. बाईंनी चहा ओतून घेतला, सावरून बसल्या. ताप उतरला. पुढे एडा गोठलेल्या नदीवरून चालत निघाली. "फूट, फूट की मेल्या," बाई बर्फाला म्हणाल्या. बर्फानं ऐकलं नाही. शेवटच्या पानावर एडा नातवंडांना केक कापून देत होती.

"निर्लज्ज," बाई म्हणाल्या. लेखिकेला की एडाला, ते मांजरालाही कळलं नाही.

मंडळाच्या दिवशी तोबा गर्दी. पुस्तक कमी जणांनी वाचलं होतं, पण सॉरी ऐकायला सगळे आले होते. डॅरिल पुढच्याच खुर्चीवर, अंगात कोट.

"बाई, एडा जिवंत आहे," तो म्हणाला. आवाज घोटून आणला होता, पण मधेच चिरकला.

बाईंनी चष्मा पुसला. फार वेळ पुसला. त्या चष्मा पुसायला लागल्या की पूर्वी वर्ग गार पडायचा. आताही पडला. टक्कल पडलेली, आजी झालेली मंडळी ताठ बसली.

"कुठली एडा, डॅरिल?"

"म्हणजे... हीच की. पुस्तकातली."

"ही म्हणते म्हणून ही एडा? पहिल्या भागात ती डावखुरी होती. इथे केक कुठल्या हातानं कापला?"

डॅरिल पानं उलटू लागला. तसं काही लिहिलंच नव्हतं.

"लिहिलं नाही," बाई मऊपणे म्हणाल्या. "का नाही लिहिलं? कारण खरी एडा बर्फात गेली. ही सरकारनं आणून बसवलेली तोतया. सगळं पुस्तक त्यावरच तर आहे. तुम्ही नुसती गोष्ट वाचलीत वाटतं?"

"अगोबाई," मागून लायब्ररीतली मॉरीन म्हणाली, "माझ्या लक्षातच नाही आलं."

"माझ्या थोडं थोडं आलं होतं," तिचा नवरा म्हणाला. तो टार्ट खायला आला होता.

माना डोलू लागल्या. कुणी 'तोतया' असं टिपूनही घेतलं. डॅरिलचा हात आपोआप वर गेला. पन्नाशीच्या माणसाचा हात, बोट सरळ, कोपर कानाला चिकटलेलं.

"पण बाई, मग त्या लेखिकेनं मुलाखतीत..."

"लेखिकेला काय कळतंय," बाई म्हणाल्या. "हात खाली."

हात खाली आला. डॅरिलनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"सॉरी, बाई," तो म्हणाला.

"असू दे," टॅगर्टबाई म्हणाल्या, आणि शेवटचा टार्ट त्याला न विचारताच उचलला.