कोरे गोळे

माझे मार्क पाचशे वीसवर येऊन बसले होते आणि काही केल्या तिथून उठत नव्हते. बारावीच्या वर्षी नीटमध्ये सरकारी मेडिकलची सीट तीसेक मार्कांनी हुकली, म्हणून सांगलीत एका क्लासच्या रिपीटर बॅचला नाव घातलं. घरात ठरलं होतं की हे एकच वर्ष. यंदा झालं तर डॉक्टरकी, नाही तर गुमान तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी. मला बीएस्सी नको होती. मला दुसरं काहीच नको होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की रडू यायचं.

दर रविवारी क्लासची टेस्ट असायची. ऑगस्टात सातशे वीसपैकी पाचशे पंधरा पडले. दिवाळीच्या आधी पाचशे वीस, दिवाळीनंतर पाचशे दहा, नाताळात परत पाचशे वीस. या काळात मी चार वेळा वाचून बायोलॉजीच्या पुस्तकांच्या चिंध्या केल्या होत्या. मोबाइल आईकडे देऊन टाकला होता. केस विंचरायला वेळ जातो म्हणून कापून टाकले. मार्क ढिम्म हलेनात. क्लासचे सर म्हणायचे, चुका बघ, पेपर परत तपास. मी हो म्हणायचे आणि पेपर गादीखाली सारायचे. झालेल्या चुकांचं तोंड कोण बघत बसणार, त्यापेक्षा नवीन दोन धडे होतील, असा माझा हिशेब. मी तापट आहेच, पण त्या वर्षी माझ्याशी बोलायला मेसमधल्या मावशीसुद्धा बिचकायच्या.

टेस्ट झाली की वडिलांचा फोन यायचा, हॉस्टेलच्या ऑफिसातल्या लँडलाइनवर. आमचे अण्णा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता पलूसजवळ ऊस आणि थोडी द्राक्षं करतात. ते मार्क विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "किती सोडवले?"

"सगळे, अण्णा."

"शाब्बास. एक बी ठेवायचा न्हाई."

हे काही त्यांनी क्लासमध्ये ऐकलेलं नव्हतं, हे आमच्या रानातलं. आमच्याकडे कृष्णेचं पाणी आहे, त्यामुळे जमीन मोकळी दिसली की लोक नावं ठेवतात. ऊस लहान असताना मधल्या जागेत कोथिंबीर, मका. बांधावर तूर. पाटाच्या कडेला अळू. कुणाचा तुकडा दोन महिने पडून राहिला तर पारावर विचारणा होते, काय रं, घरात कोण आजारी हाय का? अण्णांना तर हातभर जागा रिकामी दिसली तरी चैन पडत नाही. त्यांच्या हाताखाली वाढलेली मी. प्रश्नपत्रिकेतल्या एकशे ऐंशी प्रश्नांपैकी एकाचाही उत्तरपत्रिकेवरचा गोळा कोरा ठेवायचा म्हणजे मला चारचौघांत लाज गेल्यासारखं वाटायचं. बरोबर आलं तर चार मार्क आणि चुकलं तर एक कापतात हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं.

माझ्या खोलीत जतची एक मुलगी होती. तीही रिपीटर. घरी फोन केला की अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायची. तिच्याकडची शेती सगळी पावसाच्या भरवशावर. ज्वारी आणि मेंढरं, उन्हाळ्यात टँकर. स्वभावानं एकदम थंड. माझा आरडाओरडा चालू असला की ती शांतपणे शेंगा सोलत बसायची आणि सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवायची. तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी असायचे. म्हणून अभ्यासातलं तिचं काही ऐकून घ्यायची माझी तयारी नसायची, हे आत्ता लिहिताना वाईट वाटतंय.

जानेवारीत एकदा बोर्डावर लावलेली मार्कांची यादी बघताना ती म्हणाली, "तुझे मार्क कायम पाचावर नाय तर शून्यावरच कसे संपतात गं?"

"योगायोग."

"योगायोग कुठला. बाकी कुणाचे बघ. चारशे एकोणपन्नास, चारशे त्रेसष्ट, चारशे अठ्ठ्याहत्तर. एक बी प्रश्न सोडला न्हाई की तुझ्यासारखं होतंय. बरोबर-चुकीत पाचाचाच फरक पडतोय, मी मांडून बघितलं की." मग म्हणाली, "येत नसलेलं बी तू सगळं भरतीस व्हय?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आधी स्वतःचं बघ, मग मला शिकव. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रोजच्यासारखे दाणे सरकवत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी मलाच कसंसं झालं. मी गादीखालचे पेपर बाहेर काढले.

तिनं सांगितलेली गोष्ट साधी होती. पुढच्या टेस्टला अंदाजानं गोळा भरलास की प्रश्नपत्रिकेत त्या नंबरापाशी टिंब दे. बाकी काही बदलू नको. मी टिंबं दिली. अठ्ठावीस निघाली, आणि त्यातली चार बरोबर. सोळा मिळवले आणि चोवीस घालवले. त्याहून वाईट म्हणजे त्या अठ्ठावीस प्रश्नांशी झोंबण्यात माझा पाऊण तास गेला होता, आणि शेवटी राहिलेलं फिजिक्स मी दहा मिनिटांत उरकलं होतं. तिथे येत असलेली साधी गणितं चुकली होती. वर्षभर मी तेच करत होते. मी त्या कागदाकडे बघून रडले, सरळ हुंदके देऊन रडले. ती शेजारी बसून होती.

"आमच्याकडं पाऊस कमी झाला की निम्मं रान पेरत न्हाईत," ती म्हणाली. "वीतभर खाली हात घालून बघायचं. ओल लागली तर पेरायचं, न्हाई तर सोडायचं. कोरड्यात टाकलं तर बियाणं बी जातंय आणि बैलं बी दमतात."

"आणि लोक हसत न्हाईत?"

"सगळ्यांचंच सोडलेलं असतंय. कोण कुणाला हसणार?"

तरी पुढच्या टेस्टला हात शिवशिवत होता. येत नसलेला प्रश्न आला की मी पेन खाली ठेवून हात मांडीखाली घ्यायचे. पहिल्यांदा अठरा सोडले. पेपर देऊन बाहेर आले तर चोरी केल्यासारखं वाटत होतं. मार्क आले पाचशे अडतीस. सरांनी मान वर करून बघितलं. मी खोलीत येऊन तिला मिठी मारली, आणि संध्याकाळी अण्णांचा फोन आला तेव्हा "सगळे सोडवले" असं खोटं सांगितलं. मेपर्यंत दर रविवारी ते खोटं सांगत राहिले.

परीक्षेचं सेंटर साताऱ्याला आलं. अण्णा सोबत आले आणि ऐन उन्हात गेटसमोरच्या चिंचेखाली तीन तास उभे राहिले, बसले असतील असं मला वाटत नाही. मी बाहेर आले तशी त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"किती सोडवले?"

त्या दिवशी खोटं बोलायला तोंड उघडेना. "सोळा सोडले, अण्णा."

"येत नव्हते?"

"न्हाई."

एसटीत कराड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी माझ्या चपलांकडे. कराडला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "सोडलेलं कागदावर दिसतंय का?"

"दिसतंय. मशीन बघतंय."

"मग मशीन काय करतंय?"

"काही न्हाई. शून्य देतंय."

"कापत न्हाई?"

"न्हाई."

ते जागेवरून उठले. मग म्हणाले, "मग बरं केलंस." आणि खाली उतरून माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आले. तो रस मी कशी प्यायले ते मलाच माहीत.

मला पाचशे एकाहत्तर पडले. सीट मिळाली. आईनं गल्लीत पेढे वाटले, अण्णांनी नवा फेटा काढून देवाला नेला. त्या सगळ्या गडबडीत जतला फोन करायला मला दोन दिवस लागले.

तिला चारशे चौपन्न पडले होते. गेल्या वर्षी चारशे एकोणसाठ होते. मी म्हटलं, अगं पण का? ती नेहमीच्या शांतपणानं म्हणाली, "मी लय सोडले की गं. चव्वेचाळीस."

जानेवारीपासून माझी टिंबं तिनं मोजली होती. माझ्या मार्कांची रडगाणी तिनं ऐकली होती. आणि तिचा एकही पेपर मी कधी हातात घेऊन बघितला नव्हता. माझे मार्क जसे एका जागी अडकले होते तसेच तिचेही अडकले होते, तेही दोन वर्षं, माझ्या कॉटपासून चार हातांवर. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"पेपर आहे का जवळ?" मी विचारलं.

"हाय. आता काय करायचाय?"

"फोटो पाठव. गोळे भरलेल्या ओएमआर उत्तरपत्रिकेचा पण."

पाठवायला ती तयारच होईना. घरचे म्हणत होते, आता बास, डीएड कर. मी आग्रह सोडला नाही, थोडी भांडले सुद्धा. शेवटी तिनं फोटो पाठवले. मी ओट्यावर बसून तिचे कोरे गोळे मोजले आणि परत फोन लावला. त्यातला पहिला प्रश्न मी मोठ्यानं वाचायला लागले. मूत्रपिंडावरचा होता. मी पर्याय वाचण्याआधीच तिनं उत्तर सांगितलं. बरोबर होतं.

"मग सोडलास का?"

पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

"चुकलं असतं तर?" ती म्हणाली.

मी दुसरा कोरा गोळा शोधला आणि तो प्रश्न वाचला. तोही तिला येत होता.