जोडीतला दुसरा ग्लास

बाबांचा वाइन ग्लास गेल्या वर्षी धुताना माझ्या हातून फुटला. तसाच दुसरा शोधायला मी पेण-रोह्याच्या वाटेला लागले. आमच्या घरात वाइनचा थेंब कधी आला नाही! बाबांनी जुन्या बाजारातून ही जोडी आणली आणि रोज संध्याकाळी आईबाबा तिच्यातून कोकम सरबत प्यायचे. बाबा गेले, मग त्यांचा ग्लासही मी फोडला. आई एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच मला सलत राहिलं.

पेणच्या मैत्रिणीनं फोटो पाठवला. हमरापूरच्या एका मूर्तिकाराकडे हुबेहूब तसाच ग्लास होता.

पनवेलहून एसटीनं हमरापूर फाट्याला उतरा, पुढे रिक्षा मिळते. गणपतीच्या तोंडावर जाणार असाल तर सकाळीच गाठा, नंतर मूर्तींच्या टेम्पोंनी रस्ता तुंबतो. सत्तरीचे रमाकांतकाका मूर्तींचे डोळे आखत होते. हातातल्या ग्लासात काळा रंग! त्यांनी तो उंच धरला तेव्हा आमच्या ग्लासांसारखाच तळाचा खडबडीत वण दिसला. पूर्वी काच फुंकून केलेला ग्लास शेवटी लोखंडी सळईवरून तोडून काढायचे, त्याची ती खूण. लांब दांडी कशाला, तर हाताची ऊब वाइनला लागू नये म्हणून.

"काका, हा विकाल?"

"नाय गो. याची कड पातल हाय. ब्रश पुसला का थेंब रहात नाय. डोला बिघडला त मूर्ती गेली."

मी आईचं सांगितलं. काकांनी ब्रश ग्लासाच्या कडेला पुसला. "आईसाठी व्हय? मग आखणी झाली का ने. पैसे नको."

पेण स्टँडवर मिसळ खाल्ली, पोह्याचे पापड घेतले आणि नागोठण्यामार्गे खड्डे मोजत रोह्याला आईकडे पोचले. तिला मोठ्या उत्साहानं बातमी दिली.

"कशाला?" आई म्हणाली. "तुझे बाबा गेल्यावरही मी सवयीनं रोज दोन ग्लास काढायचे. एक भरायचे, दुसरा न वापरताच धुऊन ठेवायचे. तुझ्या हातून फुटला, सुटले मी."

मला रडूच आलं. तिनं मला तिच्याच ग्लासात सरबत दिलं.

घरी येऊन आठवडा झाला. काकांना फोन करून ग्लास तुमच्याकडेच राहू द्या म्हटलं. पापड संपत आलेत. पेण-रोहा एका दिवसात आरामात होतं, जरूर जा. मी मात्र तिथे एक ग्लास शोधायला गेले होते, आणि तो हवाय का, एवढं आईला वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.