तोरणांची बाग

लढाईच्या दिवसांत मी कोल्हारला पोस्टमास्तर होतो. पोस्टापुढच्या अंगणात नुसतं गोखरू माजलं होतं आणि बायकोनं मात्र पुण्याच्या थोरल्या बहिणीला ‘संक्रांतीला आमची बाग बघायला ये’ असं कळवून टाकलं होतं.

रोज सकाळी प्रवरेवर अंघोळ करून, ओल्या धोतराचा पिळा खांद्यावर टाकून एक म्हातारबाबा आमच्या कुंपणाशी थांबायचे. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तेच इतके प्रश्न विचारायचे, की माझी पाळीच यायची नाही. माझी अडचण ऐकून म्हणाले, “फुकटात हुतंय की, मास्तर!” मला गोखरू उपटायला बसवलं आणि स्वतः दसऱ्याची वाळलेली तोरणं घरोघरून सोडवून आणली. झेंडू तळहातावर चोळून बी अंगणभर उधळलं, वर तांब्यातलं पाणी शिंपडलं.

संक्रांतीपर्यंत अंगण असं पिवळंजर्द झालं, की बायको चुलीवरचं दूध विसरून दारात उभी राहायची.

संक्रांतीच्या सकाळी पाहतो, तर अर्धं गाव अंगणात फुलं तोडतंय आणि सगळ्यांच्या पुढे म्हातारबाबा! मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, “तोरणं ह्यांच्याच दारची न्हवती का? मंग फुलंबी ह्यांचीच. आन् सणाला देव उघडा ठिवायचा व्हय?”

दुपारी मेहुणी मोटारीतून उतरली, ती वाटेत देवळात डोकावूनच घरी आली. “काय सजवलेत गं इथले देव! तुझीच बाग तेवढी उजाड.”

कुंपणापलीकडून म्हातारबाबांनी हळहळून मान हलवली. “मी दिवाळीपासनं सांगतोय, बाईसाहेब. मास्तरला फुलांची हौसच न्हाई.”